सोरायसिसमधील त्वचादाह आणि मायक्रो-आरएनएची भूमिका

प्रस्तावना :
सोरायसिस हा त्वचेचा दीर्घकालीन दाहजन्य विकार असून तो संसर्गजन्य नाही. यात त्वचेवर लालसर चट्टे उमटतात व त्यांवर चंदेरी खवले साचतात. बाह्यत्वचेतील केराटिनपेशींची अतिजलद वाढ आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींची अनाठायी सक्रियता ही या विकाराची दोन प्रमुख अंगे होत. या दोहोंवर प्रभाव टाकणारा एक घटक म्हणजे मायक्रो-आरएनए.

स्वरूप व कार्य :
मायक्रो-आरएनए हे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे लहान रेणू होत. त्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही. उलट ते संदेशवाहक आरएनएला चिकटून त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती रोखतात. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांच्या सूत्रकृमीवरील संशोधनातून १९९३ साली ही यंत्रणा उजेडात आली. या कार्याबद्दल उभयतांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

सोरायसिसमधील भूमिका :
स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली सोरायसिसच्या चट्ट्यांत मायक्रो-आरएनए-२०३ चे प्रमाण वाढलेले असल्याचे दाखविले. हा रेणू त्वचेत मुख्यत्वे केराटिनपेशींत आढळतो. तो सॉक्स-३ या प्रथिनाची निर्मिती घटवितो. सॉक्स-३ हे दाहाचे संकेत आवरणारे प्रथिन असल्याने ते कमी होताच दाहावरील एक लगाम सुटतो. मायक्रो-आरएनए-२१ देखील चट्ट्यांत वाढलेला आढळतो. त्याच्यामुळे टी-पेशींचा नियोजित मृत्यू टळतो व त्या त्वचेत टिकून राहतात.

मायक्रो-आरएनए-१४६-ए ची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचेही प्रमाण चट्ट्यांत वाढते. परंतु तो आयरॅक-१ व ट्रॅफ-६ या दाहसंकेत पुढे नेणाऱ्या प्रथिनांना आळा घालतो. म्हणजेच त्याची वाढ हे दाहाचे कारण नसून दाह शमविण्याचा शरीराचा प्रयत्न ठरतो. याउलट केराटिनपेशींच्या वाढीला मर्यादा घालणारा मायक्रो-आरएनए-१२५-बी चट्ट्यांत घटलेला असतो.

निष्कर्ष :
रुग्णाच्या त्वचेत एखादा रेणू वाढलेला दिसला, एवढ्यावरून तो रोगकारक ठरत नाही. तो कोणत्या पेशीत आहे व कोणत्या प्रथिनाला रोखतो, हे पाहणे अगत्याचे आहे. उपचाराची दिशाही त्यावरच अवलंबून राहते. मायक्रो-आरएनए-२१ ला अटकाव करणे हितावह ठरू शकेल; मात्र १४६-ए ला केवळ तो वाढला म्हणून रोखल्यास दाह शमण्याऐवजी भडकण्याचाच संभव अधिक.