दादाभाईंची खतावणी

लिव्हरपूलच्या गोदीत हिंदुस्थानी कापसाची पत फारशी नव्हती. गाठ फोडली की रुईबरोबर सरकी निघे, पाचोळा निघे, वजन वाढवायला घातलेली मातीही निघे. अमेरिकेच्या लांब धाग्यावर पोसलेले लँकेशायरचे गिरणीवाले ‘सुरती’ माल म्हटलं की नाक मुरडत. असल्या बाजारात १८५५ साली मुंबईचा एक पारशी गृहस्थ भागीदार म्हणून दाखल झाला. वय तिशीच्या उंबरठ्यावर, आणि अनुभव कसला, तर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवण्याचा! दादाभाई नौरोजींनी प्राध्यापकी सोडून कामा आणि कंपनीच्या पेढीवर जायचं ठरवलं, तेव्हा मुंबईतल्या हितचिंतकांनी कपाळाला हात लावला असेल तर नवल नाही.

आपल्याकडे दादाभाईंचं चरित्र बहुधा शेवटून वाचलं जातं. पितामह, तीनदा काँग्रेसचे अध्यक्ष, पार्लमेंटमधले खासदार, आणि मग मागे वळून कुठेतरी ‘काही काळ व्यापार केला’ असं एक वाक्य. माझं म्हणणं उलट आहे. ते एक वाक्य वगळलं तर पुढचे दादाभाई नीट कळतच नाहीत.

ब्रिटनमध्ये स्थापन झालेली ती पहिली हिंदी पेढी. लंडन आणि लिव्हरपूलला कचेऱ्या. पण कामांच्या धंद्यात अफूही होती आणि मद्यही. दादाभाईंनी ती कमाई नको म्हटली आणि १८५८ मध्ये ते बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ‘दादाभाई नौरोजी आणि कंपनी’ उभी राहिली, कापसाच्या व्यापारासाठी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजराती शिकवणंही चालूच होतं, म्हणजे मास्तरकी काही सुटली नाही.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेतला कापूस अडकला आणि ज्या सुरती मालाला कोणी विचारत नव्हतं त्याला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर शेअर निघाले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मोठमोठी घराणी धुळीला मिळाली. दादाभाईंची पेढीही १८६६ च्या सुमारास गोत्यात आली. व्यापारी म्हणून ते बेतास बात होते, असंच म्हणावं लागेल. नीतीला मुरड घालायची नाही आणि सट्ट्यात उतरायचं नाही, असा माणूस त्या दशकातल्या मुंबईत कितीसा कमावणार?

पण या दहा-अकरा वर्षांत त्यांच्या हाताला एक सवय लागली. जहाजावर माल चढला की त्याची किंमत एवढी. जहाजभाडं, विमा, अडत, दलाली एवढी. विक्रीतून नफा एवढा. आणि या सगळ्याच्या बदल्यात परत काय आलं? व्यापार म्हणजे देवाणघेवाण. पाठवलेल्या मालाच्या किमतीत नफा मिळवून तेवढा माल किंवा सोनं-चांदी घरी यायला हवी. न आली तर मधे कोणीतरी पैसा काढून घेतोय, हे पेढीवरचा साधा मुनीमही सांगेल. दादाभाईंनी हाच नियम देशाला लावला. सरकारनेच छापलेले आयात-निर्यातीचे आकडे समोर घेतले, आणि दिसलं की निर्यातीत नफा मिळवणं तर सोडाच, नुसत्या निर्यातीइतकीही आयात होत नाही. उरलेला पैसा गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, पेन्शनी, लंडनमधल्या इंडिया ऑफिस या सरकारी कचेरीचा खर्च, कर्जावरचं व्याज अशा वाटांनी विलायतेत राहतो.

हे म्हणणारे ते पहिले नव्हेत. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्येच ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने पत्रं लिहून इंग्रज देश कसा लुटतात ते सडेतोड सांगितलं होतं. रामकृष्ण विश्वनाथांनी १८४३ मध्ये मराठीत पुस्तक लिहून हिंदुस्थानच्या सांपत्तिक स्थितीची चिकित्सा केली होती. दादाभाईंच्या कितीतरी आधी मराठी माणसांनी हा आरोप केला, हे आपण विसरतो. मात्र आरोप करणं वेगळं आणि खतावणी मांडणं वेगळं. जमा-नावे दाखवली ती दादाभाईंनी.

१८६६ मध्ये त्यांनी लंडनला ईस्ट इंडिया असोसिएशन काढली. १८७६ मध्ये तिच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचे निबंध वाचले. त्यातला आकडा पुढे घरोघर पोचला : दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये. पद्धत अगदी किराणा दुकानदाराची. प्रांतागणिक लागवडीखालची जमीन किती, पीक काय, एकरी किती उतरतं, भाव काय. गुणाकार, बेरीज, मग लोकसंख्येने भागाकार. त्याच्याशेजारी त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा सरकारी खर्च ठेवला. तो २० रुपयांहून जास्त भरत होता. सरकार चोराला जेवढं खाऊ घालतं, तेवढंही सरासरी रयतेच्या वाट्याला येत नाही! आणि या सरासरीत श्रीमंतही धरलेले होते.

सरकारी सरासरीवरचा त्यांचा आक्षेप तर गणिताच्या मास्तराचा होता. समजा, एका जिल्ह्यात लाख मण गहू पिकतो आणि भाव मणाला दोन रुपये. दुसऱ्यात हजार मण, भाव चार. सरकारी कारकून दोन आणि चारची बेरीज करून दोनाने भागणार आणि सरासरी भाव तीन रुपये लिहिणार. खरा भाव दोनाच्या जरासा वर. अशा हिशेबांवर साम्राज्याच्या समृद्धीचे अहवाल बेतलेले होते.

इंडिया ऑफिसमधल्या डॅन्व्हर्स यांनी यावर हरकत घेतली. दादाभाई फक्त शेतीमाल वगैरे धरतात, रेल्वे आणि व्यापारातून होणारी भर धरत नाहीत, असा तिचा मथितार्थ. १८८० मध्ये दादाभाईंनी दिलेलं उत्तर मला त्यांच्या सगळ्या लिखाणात सर्वांत आवडतं. पंजाबात शंभर मण गहू आहे, किंमत शंभर रुपये. रेल्वेने तो दुसरीकडे नेला, तिथे गिऱ्हाइकाने सव्वाशे मोजले. गहू वाढला का? एक दाणाही नाही. वरचे पंचवीस गिऱ्हाइकाच्या खिशात आधीच होते, ते रेल्वे आणि व्यापाऱ्याकडे गेले, इतकंच. नुसता माल हलवून संपत्ती वाढत असती, तर गाड्या वर्षभर देशभर फिरवत राहायच्या, देश श्रीमंत! हे लिहिणारा स्वतः आयुष्याची उमेदीची वर्षं माल हलवण्यातच घालवलेला व्यापारी होता, हे ध्यानात घेतलं म्हणजे उत्तराची धार कळते.

त्यांचं राजकारण बहुतेकांना ठाऊक आहे. बडोद्यात मल्हारराव गायकवाडांची दिवाणगिरी अल्पकाळ केली, तिथे रेसिडेंट कर्नल फेअरशी खटके उडाले. १८८६ मध्ये हॉबर्नमध्ये निवडणूक हरले. १८८८ मध्ये पंतप्रधान सॉल्सबरींनी त्यांना जाहीर सभेत ‘काळा माणूस’ म्हटलं आणि एका रात्रीत इंग्लंडभर प्रसिद्धी मिळवून दिली. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते निवडून आले : २९५९ विरुद्ध २९५६. तीन मतं.

सभागृहात काय साधलं? सनदी परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्याव्यात, हा ठराव १८९३ मध्ये ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला आणि सरकारने तो बासनात गुंडाळला. १८९५ मध्ये जागा गेली. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी आयोग नेमला गेला. दादाभाई त्याचे सभासद होते, आणि १८९७ मध्ये काँग्रेसचे गोखले नि वाच्छा साक्षीला उभे राहिले. १९०० मध्ये अहवाल आला, तेव्हा दादाभाईंना आपलं वेगळं मत नोंदवावं लागलं.

मवाळपणाबद्दल त्यांना नावं ठेवली जातात. त्याचं मूळही मला पेढीतच दिसतं. हिशेब स्वच्छ मांडून दाखवला की भला व्यापारी देणं मान्य करतो, या विश्वासावर बाजार चालतो. दादाभाई तोच विश्वास घेऊन पार्लमेंटात गेले. देणेकरी आणि न्यायाधीश एकच आहे, हे उमगायला त्यांना फार वर्षं लागली, आणि ही त्यांची मोठी चूक होती. १९०६ मध्ये कलकत्त्याच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्य मागितलं तेव्हा वय ८१ होतं. आवाज पेलेना म्हणून भाषण गोखल्यांनी वाचून दाखवलं.

तोवर खतावणी मात्र त्यांच्या हातून सुटून पुढे गेली होती. बंगालात वाढलेले मराठी लेखक सखाराम गणेश देउस्कर यांनी १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ या बंगाली पुस्तकात लुटीचा हाच हिशेब सामान्य वाचकाला समजेल असा मांडला. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. आकड्यांची भीती कोणाला होती, ते यावरून दिसतं.

१९०१ मध्ये निघालेला दादाभाईंचा ग्रंथ जाडजूड आहे, तक्त्यांनी ठासून भरलेला आहे आणि पुनरुक्ती इतकी की भले भले मधेच सोडतात. तो सगळा वाचा, असं मी म्हणणार नाही. डॅन्व्हर्सना दिलेलं उत्तर तेवढं काढून वाचा, संध्याकाळभरात होतं.