स्टिअरिंगवर कोणी नाही, मग गुन्हा कोणावर?

बाहेरच्या फलकावर 'भविष्यातील वाहने' असं लिहिलंय. आयोजकांची क्षमा मागून सांगतो, की मी आज भविष्याबद्दल फारसं बोलणार नाही. ज्या घटनेभोवती आजचं सगळं बोलणं फिरणार आहे, ती १८ मार्च २०१८ ची आहे. म्हणजे जुनीच. पण विनाचालक गाडी, सुरक्षितता, कायदा, भरपाई हे सगळे प्रश्न त्या एका घटनेत एकमेकांत गुंतलेले सापडतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य, टेम्पी नावाचं शहर. रात्रीचे दहा वाजायला आलेले. ४९ वर्षांची एक बाई हातात सायकल धरून, चालत, रुंद रस्ता ओलांडत होती. झेब्रा क्रॉसिंग सुमारे शंभर मीटरवर होतं, तिथून ती ओलांडत नव्हती. समोरून उबर कंपनीची चाचणीवर असलेली व्होल्वो गाडी आली. गाडी संगणक चालवत होता. चालकाच्या जागी कंपनीने नेमलेली एक स्त्री कर्मचारी बसलेली होती, गरज पडली तर ताबा घ्यायला. गाडी धडकली, बाई गेली. स्वयंचलित गाडीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही जगातली पहिली नोंद.

आता पहिला प्रश्न कोणाच्याही मनात येतो: गाडीला ती दिसली नाही का? दिसली. हाच तर सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग आहे. अमेरिकेत एनटीएसबी नावाची एक संस्था आहे, विमान पडलं, रेल्वे घसरली की तपास करते. शिक्षा द्यायचा अधिकार तिला नाही, कारण शोधणं एवढंच काम. तिच्या अहवालानुसार धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीच्या रडारने समोर काहीतरी आहे हे टिपलं होतं. तेव्हा गाडीचा वेग तासाला साधारण ७० किलोमीटर होता. म्हणजे हातात शंभराहून अधिक मीटर अंतर होतं. तुम्हीआम्ही एवढ्या अंतरात ब्रेक लावून, वर दोन शब्द सुनावूनही निघून गेलो असतो.

मग झालं काय? संगणकाला समोर काय आहे ते ठरवता येईना. कधी तो म्हणे वाहन, कधी म्हणे 'इतर वस्तू', कधी म्हणे सायकल. आणि गंमत, म्हणजे गंमत कसली, पण प्रत्येक वेळी मत बदललं की ती वस्तू आधी कुठून कुठे सरकली हा इतिहास तो पुसून टाकायचा आणि नव्याने अंदाज बांधायचा. जो माणूस दर सेकंदाला तुम्हाला नव्याने भेटतो, तो कुठे चाललाय हे तुम्हाला कसं कळणार? शिवाय झेब्रा क्रॉसिंग सोडून मधूनच कोणी पायी रस्ता ओलांडेल, ही शक्यता त्या प्रणालीच्या हिशेबातच धरलेली नव्हती. (हशा) हसताय, कारण आपल्याकडे ही शक्यता नसते, हा नियम असतो.

पुढचं ऐका. धोका आहे हे संगणकाला धडकेच्या १.२ सेकंद आधी पटलं. तरी त्याने लगेच ब्रेक दाबला नाही. प्लास्टिकची पिशवी उडाली तरी गाडी कचकन थांबते अशा खोट्या इशाऱ्यांचा त्रास होऊ नये म्हणून कंपनीने मुद्दाम एक सेकंदाचा थांबा ठेवला होता. त्या सेकंदात चालकाला सावध करणारा आवाजही होत नसे. इशारा वाजला तो ०.२ सेकंद आधी. आणि मूळ व्होल्वो गाडीत कंपनीचं स्वतःचं आपत्कालीन ब्रेकिंग असतं. ते, दोन प्रणाली एकमेकींत ढवळाढवळ करतील म्हणून, संगणक गाडी चालवत असताना बंद ठेवलेलं होतं. व्होल्वोने नंतर संगणकावर हाच प्रसंग वेगवेगळ्या रीतीने चालवून पाहिला. ते ब्रेकिंग चालू असतं, तर बहुतेक वेळा टक्कर टळली असती.

आता त्या कर्मचारी बाईकडे येऊ. ती फोनवर गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम लावून बसली होती. नजर पुन्हा पुन्हा खाली. चूक आहे, निःसंशय चूक आहे. पण तिचं काम काय होतं बघा. दूध उतू जाईल म्हणून गॅससमोर उभं राहायचं. घरी हे काम केलेल्यांना माहीत आहे, दहा मिनिटं काहीही होत नाही आणि नजर वळली की त्याच क्षणी दूध खाली. तिने तोच मार्ग त्याआधी अनेकदा पार केला होता. पूर्वी अशा गाडीत दोन माणसं असत, एक रस्त्याकडे बघायला आणि एक पडद्यावरच्या नोंदी करायला. काही महिन्यांपूर्वी कंपनीने दुसरा माणूस काढून टाकला. गाडीत आत रोखलेला कॅमेरा होता, पण त्यातलं चित्रीकरण क्वचितच तपासलं जाई.

एनटीएसबीने दोष कसा वाटला ते पाहा. मुख्य कारण म्हणून कर्मचाऱ्याचं फोनमुळे रस्त्याकडे दुर्लक्ष. त्याला हातभार लावणारी कारणं म्हणून कंपनीची ढिली सुरक्षाव्यवस्था, पादचारी बाईचं भलत्या ठिकाणी रस्ता ओलांडणं, आणि ॲरिझोना राज्याची अपुरी देखरेख. चौघांची नावं आली. खटला किती जणांवर? एकीवर. २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी सांगितलं की कंपनीवर फौजदारी गुन्हा लावायला आधार दिसत नाही. मृत बाईच्या कुटुंबाशी तर कंपनीने अपघातानंतर दोन आठवड्यांच्या आतच तडजोड केलेली होती. २०२० मध्ये त्या कर्मचाऱ्यावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आरोप ठेवला गेला. २०२३ मध्ये तिने कमी गंभीर गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची देखरेखीखालची सुटका मिळाली. उबरने तोवर हा विभागच दुसऱ्या कंपनीला देऊन टाकला होता.

मॅडलिन एलिश नावाच्या अभ्यासक आहेत, त्यांनी या प्रकाराला एक फार नेमकं नाव दिलंय. गाडीचा पुढचा भाग असा बनवतात की धडकेत तो चुरगळतो, धक्का पितो आणि आतला माणूस वाचतो. एलिश म्हणतात, स्वयंचलित यंत्रणांमध्ये उलटं होतं. दोषाचा धक्का प्यायला माणूस ठेवलेला असतो, आणि वाचते ती यंत्रणा. माझं मत विचाराल तर विनाचालक गाडीच्या कायद्यातला मध्यवर्ती प्रश्न हाच आहे, बाकीचे त्याच्या आजूबाजूचे.

म्हणूनच तो प्रसिद्ध कोड्याचा प्रश्न, गाडीने पाच जणांना वाचवायला एकाला मारावं का, म्हातारीला वाचवावं की मुलाला, त्यावर मी आज वेळ घालवणार नाही. वर्तमानपत्रांना तो आवडतो. जर्मनीच्या नीतिविषयक आयोगाने २०१७ मध्ये त्याचं उत्तर देऊन टाकलंय, की वय, लिंग वगैरे बघून माणसामाणसांत निवड करायची नाही. टेम्पीच्या गाडीपुढे असलं कोडं नव्हतंच. तिला वेळेवर ब्रेक लावायचा होता.

बरं, मग या गाड्या माणसापेक्षा सुरक्षित आहेत की नाहीत? कंपन्यांच्या भाषणांत एक आकडा हमखास येतो: ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात. अमेरिकन सरकारच्याच एका पाहणीतला आहे, खोटा नाही. पण त्या पाहणीत अपघाताच्या साखळीतली शेवटची कडी मोजली होती. रस्त्याला दिवे नव्हते, वळण चुकीचं बांधलं होतं, हे त्यात मागे पडतं. आणि माणूस काढला म्हणून ९४ टक्के अपघात जातील हा अर्थ तर त्यातून निघतच नाही, कारण संगणक स्वतःच्या नव्या चुका घेऊन येतो.

सिद्ध करायचं तर किती चालवावं लागेल, याचं गणित रँड या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये मांडलं. अमेरिकेत दर दहा कोटी मैलांमागे साधारण एक माणूस अपघातात जातो. म्हणजे माणूस चालक म्हणून आपण समजतो तेवढा वाईट नाही! गाडी निदान माणसाइतकी सुरक्षित आहे हे खात्रीने म्हणायचं, तर तिने एकही मृत्यू न घडवता साडेसत्तावीस कोटी मैल चालायला हवं. शंभर गाड्या, रात्रंदिवस, वर्षाचे ३६५ दिवस, तरी साडेबारा वर्षं. आणि मध्ये सॉफ्टवेअर बदललं तर? मोजणी पुन्हा पहिल्यापासून, असं काटेकोर माणूस म्हणेल.

तेव्हा पूर्ण खात्री होईपर्यंत थांबणं शक्य नाही, आणि कायद्याला अर्धवट खात्रीवर व्यवस्था लावावी लागते. इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानतात. कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची रेघ दोन आणि तीनच्या मध्ये आहे. दुसऱ्या पायरीपर्यंत गाडी स्वतः वळते, थांबते, पण लक्ष ठेवायचं तुम्ही, म्हणजे चालक तुम्हीच. तिसऱ्यापासून ठरावीक परिस्थितीत लक्ष ठेवण्याचं कामही गाडीकडे जातं, फक्त तिने हाक मारली की तुम्ही यायचं. टेस्लाचं 'ऑटोपायलट' दुसऱ्या पायरीवरचं आहे, नाव मात्र विमानाचं. फ्लोरिडात २०१९ मध्ये एका चालकाने ते चालू असताना पडलेला फोन उचलायला मान खाली घातली. गाडी रस्ता संपला तरी पुढे गेली आणि एक तरुणी मेली. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्युरीने दोष वाटला तो असा: चालक ६७ टक्के, टेस्ला ३३ टक्के. कंपनीवर बसलेली रक्कम दंडात्मक भरपाईसह सुमारे २४ कोटी डॉलर. कंपनीने अपील करणार असल्याचं जाहीर केलं. पण टेम्पीच्या मानाने वारं फिरल्याचं दिसतं.

ब्रिटनने मला आवडलेली वाट धरली आहे. २०१८ च्या कायद्यात त्यांनी भरपाईचा प्रश्न सोडवला: स्वयंचलित गाडीने अपघात केला तर विमा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यायचे, मग तिने उत्पादकाशी भांडायचं. जखमी माणसाने सॉफ्टवेअर तज्ज्ञ शोधत फिरायचं नाही. मग २०२४ च्या कायद्यात दोषाचा प्रश्न घेतला. गाडी स्वतः चालत असताना तिने कसं चालवलं याबद्दल आत बसलेल्यावर खटला नाही. गाडीमागे उत्तरदायी म्हणून एक अधिकृत कंपनी उभी असली पाहिजे. गाडीची पातळी काय हवी? काळजीपूर्वक आणि कुशल माणूस चालवतो तेवढी तरी. आणि जी गाडी स्वयंचलित म्हणून मान्य झालेली नाही तिची तशी जाहिरात करणं हा गुन्हा.

हे सगळं कागदावर ठीक. पण अपघातात नेमकं काय झालं हे कोणाला माहीत असतं? कंपनीला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका पादचारी स्त्रीला माणूस चालवत असलेल्या गाडीने उडवलं आणि ती क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीपुढे पडली. टॅक्सी धडकून थांबली, इथपर्यंत समजून घेता येईल. मग ती बाजूला घ्यायची म्हणून पुन्हा निघाली आणि त्या बाईला सुमारे वीस फूट फरफटत नेलं. हा दुसरा भाग कंपनीने सरकारी यंत्रणांना नीट सांगितला नाही. परवाना गेला, दंड झाले, आणि २०२४ च्या अखेरीस जनरल मोटर्सने तो टॅक्सीचा धंदाच गुंडाळला. धडकेपेक्षा लपवाछपवी महाग पडली.

मागून एक चिठ्ठी आली आहे. 'आपल्याकडे हे आलं तर काय?' नितीन गडकरींनी २०१७ मध्येच सांगितलं होतं की चालकांचे रोजगार जातील म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही. पण कायद्याचं बोलतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा परवानाधारक चालक गृहीत धरूनच लिहिलाय. २०१९ च्या दुरुस्तीत नवं संशोधन व्हावं म्हणून काही वाहनांना सूट द्यायचा अधिकार केंद्राने घेतला आहे, तेवढी फट आहे. भरपाईचं म्हणाल तर कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख मिळतात. त्याहून जास्त हवे तर प्राधिकरणापुढे जाऊन चालकाची हयगय दाखवावी लागते. २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांच्यातल्या बऱ्याच घरांनी हा दावा लढवलेला असेल, आणि एक ट्रकचालक समोर असतानाही तो किती वर्षं चालतो हे वकिलांना विचारा. चालकच नसेल तेव्हा त्या विधवेने हयगय कोणाची दाखवायची, बंगळुरूच्या प्रोग्रामरची की रडार बनवणाऱ्याची? २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी आली आहे, तिथे दाद मागता येईल. पण दोष सिद्ध करायला गाडीतली नोंद लागणार, आणि ती नोंद मागण्याचा हक्क जखमीला स्पष्ट शब्दांत असला पाहिजे. माझं मागणं विचाराल तर आधी हा हक्क लिहा, आणि ब्रिटनसारखं विमा कंपनीला पहिलं देणेकरी करा. गाड्या नंतर आल्या तरी चालतील.

दुसरी चिठ्ठी आहे, 'तुम्ही स्वतः अशा गाडीत बसाल का?' बसेन. पण मागच्या सीटवर. पुढे, स्टिअरिंगसमोर, नुसतं बघत बसायच्या नोकरीवर मला कोणी ठेवू नये.