मानेतील रोहिणी आणि उतारवयातील विसर

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण सहज म्हणून जातो. आजोबांना नातवाचे नाव आठवेना, हिशेब जुळेना, की वयाला दोष देऊन मोकळे होतो. पण काही वेळा बिघाड मानेतही असू शकतो.

श्वासनलिकेच्या एका बाजूला हलकेच दोन बोटे ठेवा. (दोन्ही बाजू एकदम दाबू नयेत.) जी नाडी लागते ती कॅरोटिड रोहिणीची. उजवी आणि डावी अशा या दोन रोहिण्या मेंदूच्या पुढच्या मोठ्या भागाला रक्त पुरवतात. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के; पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो.

ही रोहिणी जबड्याखाली दुभंगते. तेथे प्रवाह संथ व विस्कळीत होतो आणि भिंतीत चरबीयुक्त थर साचू लागतो. धूम्रपान, रक्तदाब व मधुमेह त्याला हातभार लावतात. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, कारण मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे एक कडे असते. थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचे वर्णन केले. एका बाजूचा पुरवठा घटला, तर या कड्यातून दुसरीकडचे रक्त येते. मात्र अनेकांत हे कडे अपुरे असते. शिवाय थरातून सुटलेले कण पुढे लहान वाहिन्यांत अडकू शकतात.

पण बुद्धी मंदावते ती या अडथळ्यानेच कशावरून? अशा रुग्णांना बहुधा रक्तदाबही असतो. दोष त्याचाच असेल. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यावर छान युक्ती योजली होती. पक्षाघात न झालेल्या, ६५ वर्षे व त्यावरील सुमारे ४,००० उजखोऱ्या व्यक्ती त्यात होत्या. उजखोऱ्यांपैकी बहुतेकांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतात, आणि बुद्धीची चाचणीही मुख्यतः भाषेवर आधारलेली होती. रक्तदाब काही डावे-उजवे पाहत नाही. उजव्या रोहिणीची स्थिती व इतर धोके हिशेबात घेऊनही, डावी रोहिणी ७५ टक्के किंवा अधिक अरुंद असलेल्यांत बुद्धीची घसरण अधिक आढळली. तुलनेसाठी लागणारे माप त्याच माणसाच्या मानेत, दुसऱ्या बाजूला मिळाले! असे रुग्ण थोडेच होते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

विसराळूपणाची कारणे इतरही आहेत. तरीही तो वाढत असेल, तर हसण्यावारी न नेता डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे मात्र साठीची वाट न पाहता आजच सुरू करता येते.