संदर्भ शोधताना : नवविद्यार्थ्यांचे काही गैरसमज

आयुर्वेद महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेतलेला विद्यार्थी आज संहितेतील शब्द संगणकावर क्षणार्धात शोधू शकतो. आमच्या विद्यार्थिदशेत ही सोय नव्हती. तिचे आम्ही स्वागतच करतो. मात्र शब्द सापडला म्हणजे विषय सापडला, असे तो समजू लागतो, तेथे घात होतो.

‘गुडूची’ हा शब्द घालून शोध घेतल्यास अमृता, छिन्नरुहा, वत्सादनी या नावांनी आलेली गुळवेल निसटते. संधी होऊन ‘गुडूच्यामलक’ असे रूप झाले, तरीही ती यंत्रास दिसत नाही. उलट, ‘अमृता’ सापडली म्हणून सर्वत्र गुळवेलच घ्यावी, असेही नाही; तो हिरड्याचाही पर्याय आहे. कोठे कोणता अर्थ घ्यावा हे प्रकरण व टीका पाहूनच ठरते. चरकसंहितेत ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत त्या याचसाठी. परीक्षेपुरती त्यांची नावे पाठ करणारे विद्यार्थी ग्रंथ लावताना त्यांचा उपयोग करीत नाहीत, याचे आम्हांस नवल वाटते.

श्लोकाखाली ‘चरक’ छापले की तो चरकाचाच, हीही अशीच समजूत. चरकसंहितेच्या १२० अध्यायांपैकी ४१, म्हणजे चिकित्सास्थानातील १७ आणि संपूर्ण कल्प व सिद्धिस्थान, दृढबलाने पूर्ण केले. मार्गदर्शिकांतून तर ११व्या शतकातील चक्रपाणिदत्ताचे मतही चरकाच्या नावे खपते.

याहून गंभीर प्रश्न द्रव्यांचा आहे. रास्ना म्हणून उत्तर भारतात प्लुचिया, केरळात अल्पिनिया, तर बंगालमध्ये व्हँडा वापरतात. रास्नेवरील शोधनिबंध नेमक्या कोणत्या वनस्पतीचा, उंदरांवर वापरलेला अर्क मद्यार्कातील की जलातील, हे न पाहता त्याचा निष्कर्ष आपल्या काढ्यास लावणे म्हणजे रुग्णाशी खेळ होय. निबंध ‘पबमेड’वर नोंदलेला असला, तरी ही तपासणी चुकत नाही.

गुरुजनांस संदर्भ विचारणे हा आप्तोपदेशाचा अनादर, असे मानणारे विद्यार्थीही भेटतात. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात मात्र शिष्याने प्रथम शास्त्राची व नंतर आचार्याची परीक्षा करावी, असा क्रम दिला आहे. तेव्हा स्थान, अध्याय, श्लोक आणि आवृत्ती विद्यार्थ्यांनी आम्हांस निःसंकोच विचारावी.