प्रेअरीवरची डच घराणी

1847 साली हेन्ड्रिक शोल्टे या धर्मोपदेशकाबरोबर सुमारे 800 डच माणसे अमेरिकेतल्या आयोवात पोहोचली आणि पेला हे गाव वसले. त्याच वर्षी आल्बर्टस व्हान राल्टेची मंडळी मिशिगनच्या जंगलात हॉलंड गाव उभारत होती. मायदेशी 1834 मध्ये अधिकृत चर्चमधून फुटलेल्यांनी दंड आणि तुरुंगवास भोगला होता. त्यात 1845 पासून बटाट्यावर करपा पडला. धर्माचे कारण नेहमी आधी सांगितले जाते, पण रिकाम्या पोटाचा वाटाही लहान नव्हता.

पेलात पहिला हिवाळा अनेकांनी मातीच्या, गवताने शाकारलेल्या खोपटांत काढला. पुढे जमिनीचे भाव चढले आणि मुलांना शेते पुरेनात. तेव्हा 1870 मध्ये हेन्री हॉस्पर्सच्या पुढाकाराने पुढची पिढी वायव्य आयोवात सरकली आणि ऑरेंज सिटी वसले. होमस्टेड कायद्याखाली 160 एकर जमीन जवळजवळ फुकट मिळे, पण त्याच दशकात टोळधाडीने उभी पिके फस्त केली. घर टिकले ते गुरे, डुकरे आणि राबणाऱ्या पोरांच्या जिवावर.

डच भाषा चर्चमध्ये दीर्घकाळ टिकली. 1918 मध्ये आयोवाच्या गव्हर्नरांनी सार्वजनिक ठिकाणी, अगदी टेलिफोनवरही, परकी भाषा बोलण्यास मनाई केली.

वंशावळ शोधणाऱ्याची खरी पंचाईत नावांत होते. आजोबांचे नाव नातवाला देण्याच्या रीतीमुळे एकाच पिढीत सारख्या नावाचे कितीतरी चुलतभाऊ सापडतात. मात्र नेदरलँड्समध्ये 1811 पासून जन्म, विवाह आणि मृत्यूच्या सरकारी नोंदी सर्वत्र असल्याने मूळ गाव कळले की पुढचा माग सहसा लागतो.