कार्डिगन : स्वेटरमागचा उमराव आणि विकतचे हुद्दे

थंडी पडू लागली, की पुढे बटणे असलेले लोकरी ‘कार्डिगन’ कपाटातून बाहेर निघते. या वस्त्राला ज्याचे नाव मिळाले, तो जेम्स ब्रूडेनेल, म्हणजेच कार्डिगनचा सातवा अर्ल, ब्रिटिश घोडदळातील अधिकारी होता. त्याची कारकीर्द म्हणजे सैन्यातील हुद्दे पैसे मोजून विकत मिळत, त्या काळाची कहाणीच होय.

१७९७ मध्ये धनाढ्य उमराव घराण्यात जन्मलेला ब्रूडेनेल १८२४ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, घोडदळात सर्वांत कनिष्ठ अधिकारी म्हणून दाखल झाला. अवघ्या आठ वर्षांत तो लेफ्टनंट कर्नल होऊन १५व्या हुसार रेजिमेंटचा प्रमुख बनला. घोडदळातील या हुद्द्याचा सरकारी दर ६,१७५ पौंड होता. ब्रूडेनेलने त्यासाठी ३५ हजारांहून अधिक पौंड मोजल्याचे सांगितले जाते.

पद्धत काय होती?

पायदळ व घोडदळात लेफ्टनंट कर्नलपर्यंतचे हुद्दे विकत घेता येत. निवृत्त होणारा अधिकारी आपला हुद्दा विकून म्हातारपणाची तरतूद करी. मालमत्ता असलेला वर्ग सैन्याच्या शिरोभागी असला, की ते राज्यावर उलटणार नाही, हा त्यामागील विचार होता. क्रॉमवेलच्या लष्करी राजवटीची आठवण इंग्लंड विसरले नव्हते. तोफखाना व इंजिनिअर दलात मात्र ही पद्धत नव्हती. तेथे तांत्रिक ज्ञानाची गरज होती. घोडदळात वर्षानुवर्षे लढलेला, पण ऐपत नसलेला कॅप्टन मागेच राही.

एका कॅप्टनवर भरलेला खटला अंगाशी आल्याने ब्रूडेनेलला १८३४ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. तरीही दोनच वर्षांत त्याला ११व्या रेजिमेंटचे प्रमुखपद मिळाले. १८३७ मध्ये तो अर्ल झाला. ही रेजिमेंट दीर्घकाळ हिंदुस्थानात होती. तेथे सेवा केलेल्या अनुभवी अधिकाऱ्यांना तो तुच्छ लेखी. १८४० मध्ये आपल्याच रेजिमेंटमधील माजी कॅप्टन टकेट याला त्याने द्वंद्वयुद्धात जखमी केले. खटला उमरावांच्या सभागृहात चालला. जखमी व्यक्तीचे पूर्ण नाव सिद्ध झाले नाही, या तांत्रिक मुद्द्यावर तो १८४१ मध्ये निर्दोष सुटला.

बालाक्लावाची घोडदौड

क्रिमियन युद्धापूर्वी कार्डिगनने एकही लढाई पाहिली नव्हती. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा येथे, वयाच्या ५७व्या वर्षी, तो लाईट ब्रिगेडचे नेतृत्व करीत होता. सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर होता. रशियन सैनिक टेकडीवरील ताब्यात घेतलेल्या तोफा हलवीत असल्याचे त्याला दिसले, व ते रोखण्याचा संदिग्ध हुकूम त्याने पाठविला. खाली घोडदळप्रमुख लॉर्ड लुकन याला मात्र दरीच्या टोकाचा रशियन तोफखानाच दिसत होता. लुकन हा कार्डिगनचा मेहुणा, पण दोघांमध्ये हाडवैर! त्यामुळे हुकुमाची मोकळेपणाने चर्चा झालीच नाही.

सुमारे ६७० स्वार तिन्ही बाजूंच्या माऱ्यातून निघाले. सर्वांत पुढे कार्डिगन होता. तोफांपर्यंत पोहोचून तो परतला, मात्र मागील स्वारांची जुळवाजुळव न करताच. सुमारे ११० जण ठार व १६० जखमी झाले. दीर्घकाळ जहाजावरील आरामदायी खोलीत राहणारा कार्डिगन स्वतः सुखरूप होता.

१८५५ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे वीर म्हणून स्वागत झाले. त्याच्या नावाच्या लोकरी जाकिटांची लोकप्रियताही याच कीर्तीची देणगी. टीकेचा सूर पुढे उमटला. १८६८ मध्ये घोड्यावरून पडून त्याचा मृत्यू झाला.

क्रिमियातील गैरकारभारामुळे हुद्देविक्रीविरुद्ध असंतोष वाढत गेला. युद्धमंत्री कार्डवेल याने आणलेल्या सुधारणांना उमरावांच्या सभागृहाने विरोध केला. अखेर १८७१ मध्ये राजाज्ञेने ही पद्धत बंद झाली. हुद्द्याची किंमत अधिकारी पौंडांत मोजत होते. चुकीची किंमत मात्र स्वारांना प्राणांनी मोजावी लागली.