भामचंद्राचा पायथा

चाकणच्या आंबेठाण चौकातून पहाटे साडेपाचला निघालं, तर वासुली फाटा कधी आला ते कळतही नाही. अंतर दहा-बारा किलोमीटर. तासाभराने निघालात, तर मात्र फर्स्ट शिफ्टच्या बसगाड्या, सुट्या भागांचे टेम्पो आणि कंटेनर यांच्या मागे हातावर हात ठेवून बसायचं. त्या रांगेत उभ्याउभ्याच शेडच्या निळ्या पत्र्यांवरून एक काळसर कडा दिसू लागतो. तो भामचंद्र डोंगर.

सह्याद्रीची मुख्य धार इथून पश्चिमेला बरीच लांब आहे. तिथून पूर्वेला सुटलेल्या फाट्यांपैकी हा एक सुटा तुकडा. खडक बेसाल्टचा, काळा, थरांचा. उत्तरेला भामा नदीचं खोरं, जुन्या कागदपत्रांतलं भामनेर. दक्षिणेला इंद्रायणी आणि देहू. चढ फार नाही. पायवाट झुडपांतून वर जाते, मध्येच मोर ओरडतो आणि पाठीमागे कुठल्या तरी कंपनीचा भोंगा त्याला उत्तर दिल्यासारखा वाजतो. वर खडकात कोरलेलं महादेवाचं स्थान आहे, पाण्याचं टाकं आहे आणि कड्याच्या कुशीत गुंफा आहेत. वारकऱ्यांच्या लेखी मात्र डोंगराची ओळख एकच: तुकोबांना जिथे साक्षात्कार झाला ती जागा.

तुकोबांचं घर महाजनकीचं. देहूत दुकान, सावकारी, लोकांकडून लिहून घेतलेली कर्जाची खतं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने ते घर मोडलं. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बसला. तुकोबा उठले आणि या डोंगरावर येऊन बसले. पंधराव्या दिवशी आपल्याला काय गवसलं, ते त्यांनी अभंगात सांगून ठेवलं आहे. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत इथवर आला, अशी परंपरा सांगते. दोघे खाली उतरले, इंद्रायणीकाठी खतांच्या वाटण्या झाल्या. कान्होबाचा वाटा कान्होबाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं तुकोबांनी डोहात सोडली. पुढे गाथा बुडवली गेली ती गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने बुडवलेली ही खतं मात्र कमी लोकांना आठवतात.

मला ती इथे फार आठवतात. कारण ज्या डोंगरावरून उतरून एका माणसाने खतं पाण्यात टाकली, त्याच डोंगराच्या पायथ्याला आज सगळा व्यवहार खतांवर चालतो. खरेदीखत, साठेखत, कुलमुखत्यारपत्र. रस्त्याच्या कडेला फलक: एन.ए. प्लॉट, गुंठेवारी, सातबारा क्लिअर. चहाच्या टपरीवर बसलं की कानावर पडतात ते शब्द हेच. शेतात टाकायच्या खताचं नाव क्वचित निघतं.

हे बदलायला फार वर्षं लागली नाहीत. चाकण म्हणजे कांदा-बटाट्याची पेठ आणि बैलबाजार, अशीच कालपर्यंतची ओळख. त्याआधीची ओळख संग्रामदुर्गाची: १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाला पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने अडवून धरलं तो भुईकोट. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि कारखाने नाशिक रस्त्याने सरकत सरकत चाकणला पोचले. नव्वदच्या दशकाअखेर बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, लगोलग महिंद्रा. भोवती त्यांना भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने. एकेक टप्पा वाढत गेला आणि वासुली, शिंदे, सावरदरी, वराळे, भांबोली ही डोंगरालगतची गावं कारखान्यांच्या पट्ट्यात आली.

पायथ्याच्या माणसांना बिचारं म्हणायची पुणेरी खोड मला मान्य नाही. बाजरी, भुईमूग आणि पावसावरचं भात यांत काय उरत होतं, ते त्यांना विचारावं. जमीन गेली त्यांनी दहा-दहा खोल्यांच्या चाळी बांधल्या. तिथे लातूर-नांदेडची आणि बिहार-ओडिशाची पोरं दाटीने राहतात आणि महिन्याच्या महिन्याला भाडं येतं. कुणी कंपनीत बस लावली, कुणी कँटीनचा ठेका घेतला. कुणाचे पैसे मात्र एका गाडीत आणि दोन लग्नांत संपले. तोच आज शेजारच्या गेटवर सिक्युरिटीचा डगला घालून उभा असतो. एक गंमत पाहा. नांगराला जमीन उरली नाही तरी दावणीला बैल आहे. तो शर्यतीचा. घाटात बारी मारायला पाळलेला, दूध-अंडी खाणारा. २०१४ ची सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०२१ च्या डिसेंबरात उठली, तेव्हा या भागात गुलाल उधळला गेला. शेत गेलं तरी शेतकरी असल्याची खूण दारात बांधलेली हवी, असं मला त्या बैलाकडे बघून वाटतं.

पण याच गावांनी एकदा कंपनीला नाही म्हणून दाखवलं. शिंदे-वासुलीचं शंभर एकरांच्या आसपासचं गायरान डाऊ केमिकल्सला संशोधन केंद्रासाठी देण्यात आलं होतं. डाऊने २००१ मध्ये युनियन कार्बाइड विकत घेतलेली. म्हणजे नावाला १९८४ च्या भोपाळची सावली चिकटलेली. इथे फक्त संशोधन होईल, उत्पादन नाही, असं कंपनी सांगत राहिली. आम्हाला विचारलं का, हा गावकऱ्यांचा सवाल होता. २००८ च्या जानेवारीत लोकांनी रस्ता अडवला. बंडातात्या कराडकरांसारखे कीर्तनकार पुढे झाले, टाळ-मृदंगवाले रस्त्यावर बसले. जुलैत आंदोलन भडकलं आणि बांधकामाच्या जागेला आग लागली. त्या आगीचं समर्थन करता येत नाही. पण त्याआधीचे सहा महिने लोक शांतपणे बसले होते, हेही विसरता येत नाही. दोन वर्षांत कंपनीने इथला बेत सोडला.

या लढ्यामागे नुसती रसायनांची भीती नव्हती. डोंगर आपला आहे ही भावना होती. त्यातून डोंगराच्या संरक्षणाची मागणी पुढे आली, पायथ्याच्या मुरूम-दगडाच्या उत्खननाविरुद्ध आणि सुरुंगांविरुद्ध वारकऱ्यांनी तक्रारी केल्या, आणि भामचंद्राला राज्य संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. चांगलं झालं. पण कागदावरचा डोंगर सर्व्हे नंबरांच्या हद्दीत संपतो. खरा डोंगर पावसाचं पाणी ज्या ओढ्यातून उतरतं त्या ओढ्यापर्यंत असतो, गुरं चरतात त्या माळापर्यंत असतो. ओढ्यावर भराव पडला तर कड्याला संरक्षण देऊन काय साधलं?

पाण्याचीही तीच तऱ्हा. डोंगराच्या पलीकडे करंजविहिरेजवळ भामा-आसखेड धरण आहे. त्यासाठी खोऱ्यातल्या लोकांनी जमिनी दिल्या आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. १ जानेवारी २०२१ ला त्या पाण्याचं उद्घाटन झालं ते पुण्याच्या पूर्व भागात.

वर कड्यावर यातलं काहीच ऐकू येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. प्रेसचा ठोका वाऱ्यासोबत वर येतो. तरी गुंफांमधून साधक राहतात. बरेचसे तरुण, आळंदीच्या वारकरी शिक्षणाच्या वळणाचे. पहाटे काकडा, मग गाथेचं नाही तर ज्ञानेश्वरीचं पाठांतर, दुपारी खालच्या गावात माधुकरी, संध्याकाळी हरिपाठ. माझ्या मुक्कामी एका गुंफेबाहेर दोरीवर धुतलेलं धोतर वाळत होतं, शेजारी कोळशाने लिहिलेल्या ओव्यांच्या क्रमांकांची रांग होती, पाठ झालेल्यांवर फुल्या मारलेल्या. खाली उतरलो तेव्हा त्याच वयाचा एक मुलगा कंपनीच्या गेटवर अंगठा टेकवून हजेरी लावत होता. माधुकरी वाढणारं घर आणि त्याला खोली भाड्याने देणारं घर बहुधा एकच असावं.

जायचं असेल तर पावसाळ्यानंतर जा, वाहन पायथ्याच्या गावात ठेवा आणि शिफ्ट सुटायच्या वेळा टाळा. गुंफेच्या वाटा अरुंद आहेत. लहान मुलांचा हात सोडू नका. मोबाइलवर गाणी लावू नका, वर कुणीतरी पाठांतराला बसलेलं असतं. पिण्याचं पाणी आणि भाकरी खालूनच बांधून न्या. भामचंद्रावर दुकान नाही.